आपल्या अंगातले सहाशे गडी

संध्याकाळची वेळ. तुम्ही शेतावरून येऊन ओट्यावर टेकला आहात. एवढ्यात तुमचे पोर धावत येते. सदऱ्याची बाही वर सारते, मूठ आवळते आणि दंड फुगवून म्हणते, "आबा, माझी बेटकुळी बघा!"

तुम्ही हसता. बोटाने ती बेटकुळी दाबून पाहता. मग पोर विचारते, "आबा, ही बेटकुळी येते कुठनं? आणि हात सरळ केला की जाते कुठं?"

आता काय सांगाल? प्रश्न लहान आहे, पण उत्तर सोपे नाही.

हा पाठ त्या प्रश्नाचे उत्तर आहे. मात्र तो नुसता पोरासाठी नाही. ज्याचे पोट हातापायांच्या कष्टावर चालते, त्याने हा पाठ जरूर वाचावा. बैलाला किती ओढायला लावावे, त्याला केव्हा सोडावे, काय चारावे, हे आपल्याला चांगले कळते. पण आपल्याच दंडात आणि पाठीत काय चालते, ते ठाऊक नसते. मग एखाद्या दिवशी पोते उचलताना कंबरेत उसण भरते आणि ऐन सुगीत माणूस आठ दिवस अंथरुणाला खिळतो. तेवढी मजुरी बुडते. न कळण्याची किंमत ती हीच.

१. ओढणारे गडी

आपल्या अंगात हाडांचा सांगाडा आहे. मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडे असतात. पण हाड आपण होऊन हलत नाही. ते घराच्या वाशासारखे आहे. त्याला हलवायला कोणी तरी लागते. हे काम करते आपल्या अंगातले मांस. पुस्तकात त्याला स्नायू म्हणतात.

आपल्या अंगात सहाशेहून अधिक स्नायू आहेत. मांडीतले आणि ढुंगणातले स्नायू चांगले जाडजूड. डोळ्याची बुबुळे फिरवणारे स्नायू अगदी बारीक. साठ किलो वजनाच्या धडधाकट पुरुषाच्या अंगात वीस किलोंहून अधिक वजन या स्नायूंचेच असते. बाईच्या अंगात ते थोडे कमी असते.

हे सहाशे स्नायू म्हणजे आपल्या घरचे सहाशे गडीच समजा. पण या गड्यांना एकच काम येते. ते फक्त ओढतात. स्नायू आखडतो आणि आखडताना हाडाला आपल्याकडे ओढतो. ढकलणे त्याला ठाऊकच नाही.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, असं कसं? काल चिखलात रुतलेली गाडी मी ढकलली की!"

गाडी तुम्ही ढकलली, हे खरे. पण तुमच्या स्नायूंनी ओढच घेतली. कसे ते पाहू.

२. रवीची दोरी

एक करून पाहा. उजवा हात पुढे करा. डावा तळवा उजव्या दंडावर पुढच्या बाजूने ठेवा. आता उजवा हात कोपरात दुमडा. तळव्याखाली मांस फुगून घट्ट होते. हीच पोराची बेटकुळी. तो स्नायू आखडला, आखूड झाला, म्हणून जाड झाला. त्याने हाताचे हाड वर ओढले.

आता डावा तळवा दंडाच्या मागच्या बाजूला न्या. उजव्या हाताने भिंत किंवा खांब रेटा. आता मागचे मांस घट्ट लागते. हात सरळ करण्याचे काम मागच्या स्नायूचे. गाडी ढकलताना हाच मागचा स्नायू हाड ओढत होता. त्याच्या ओढीने कोपर सरळ झाले आणि तळव्याने गाडी पुढे रेटली.

म्हणजे दंडात दोन गडी आहेत. एक पुढे, एक मागे. एक हात दुमडतो, दुसरा सरळ करतो.

ताक घुसळताना तुम्ही पाहिलेच आहे. रवीला दोरीचा वेढा असतो. दोरीची दोन टोके दोन हातांत. उजवा हात ओढतो, तेव्हा डावा हात सैल सोडतो. मग डावा ओढतो, उजवा सोडतो. दोन्ही हातांनी एकदम ओढले तर रवी जागच्या जागी अडकते. दोन्ही हातांनी सोडून दिले तर रवी कलंडते. एकाने ओढायचे, दुसऱ्याने सोडायचे, तेव्हा लोणी येते.

आपला हात, पाय, मान, बोटे, सगळे असेच चालते. स्नायूंच्या जोड्या असतात. एक ओढतो तेव्हा त्याच्या जोडीदाराला सैल सोडावे लागते. ओढणे जितके महत्त्वाचे, तितकेच सोडणे महत्त्वाचे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. ती पुढे पुन्हा पुन्हा लागणार आहे.

३. दोर कशाचा वळला आहे?

स्नायू हाडाला धरून कसा ओढतो? स्नायूच्या टोकाला पांढरी, चिवट वादी असते. तीच हाडाला पक्की जडलेली असते. लोक तिला शीर म्हणतात, पण हिच्यातून रक्त वाहत नाही. पुस्तकात तिला कंडरा म्हणतात. टाचेच्या मागे चिमटीत धरून पाहा. जाड दोरासारखी जी लागते, ती कंडरा. पोटरीची ओढ तिच्यातून टाचेला पोचते. म्हणून तर आपण चवड्यावर उभे राहू शकतो.

आणखी एक गंमत. एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगटामागचे मांस धरा आणि बोटे हलवा. हलतात बोटे, पण मांस हलते ते इकडे, हातात. बोटांना वाकवणारे मोठे गडी बोटांत राहतच नाहीत. ते मनगटामागे बसून लांब दोऱ्यांनी बोटे ओढतात. कळसूत्री बाहुल्या नाचवणारा जसा वर बसून सूत्रे ओढतो, तसेच हे.

या दोऱ्या इतक्या चिवट कशा? याचे उत्तर शोधण्यात आपल्या देशातल्या माणसांचा मोठा वाटा आहे. १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी या वादीच्या द्रव्याची आतली रचना कशी असते ते मांडले. या द्रव्याचे नाव कोलॅजन. त्यात तीन बारीक धागे एकमेकांना पीळ देऊन बसलेले असतात. आपण अंबाडीचा दोर वळताना तीन पेड घेतो. एक पेड तुटेल, दोन ताणतील, पण तिन्हींना पीळ दिला की दोर बैलालाही आवरतो. हीच रीत आपल्या अंगात आधीपासून आहे!

४. आखडते ते कसे?

स्नायूचा तुकडा सुटा करून पाहिला तर त्यात बारीक धाग्यांचे जुडगे दिसतात. एकेक धागा केसाइतका किंवा त्याहून बारीक. त्या धाग्यातही आणखी बारीक तंतू असतात. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

पूर्वी पंडितांना वाटे की स्नायू आखडताना हे तंतूच आखडत असतील. १९५४ साली इंग्लंड आणि अमेरिका इथे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी खरा प्रकार दाखवला. तो समजायला आपले दोन हात पुरे आहेत.

दोन्ही हात छातीपुढे आडवे धरा. बोटांची टोके समोरासमोर आणा. आता उजव्या हाताची बोटे डाव्या बोटांच्या फटींत हळूहळू सरकवा. काय झाले? बोटे होती तेवढीच लांब आहेत. पण दोन्ही हात जवळ आले. स्नायूत असेच होते. जाड तंतू आणि बारीक तंतू एकमेकांत सरकतात आणि सगळा स्नायू आखूड होतो. जाड तंतूला बारीक आकड्या असतात. त्या शेजारच्या तंतूला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे धरतात. विहिरीतून पोहरा वर घेताना आपण एका हाताने दोर धरतो, ओढतो, सोडतो आणि पुढे धरतो, तसे.

इथे एक मोठी नवलाची गोष्ट आहे. या आकड्यांना धरलेले सोडायलाही शक्ती लागते. ही शक्ती अन्नापासून मिळते. ती संपली तर आकडी जिथे धरली तिथेच अडकून बसते. माणूस मेल्यावर काही तासांनी त्याचे अंग ताठते, ते तुम्ही पाहिले असेल. त्याचे कारण हेच. शक्ती उरलेली नसते, म्हणून आकड्या सुटत नाहीत. पुढे एक-दोन दिवसांनी मांसच नासू लागते, तेव्हा अंग पुन्हा सैल पडते.

तेव्हा सैल होणे म्हणजे काही न करणे नव्हे. त्यालाही भाकरी लागते.

५. हुकूम कोण देतो?

सहाशे गडी आहेत, पण त्यांना "तू ओढ, तू सोड" असे कोण सांगते? सांगतो मेंदू. मेंदूपासून पाठीच्या कण्यातून आणि तिथून साऱ्या अंगभर बारीक तारा गेल्या आहेत. त्यांना मज्जातंतू म्हणतात. त्यांतून हुकूम जातो. तो इतका जलद जातो की विंचवावर पाय पडायच्या आत आपण पाय उचलतो.

हा हुकूम कसला असतो? इटली देशात बोलोन्या शहरात लुइजी गॅल्व्हानी नावाचा शास्त्रज्ञ होऊन गेला. त्याने मेलेल्या बेडकाच्या तंगडीच्या मज्जातंतूला विजेचा स्पर्श केला. मेलेल्या बेडकाची तंगडी ताडकन उडाली! १७९१ साली त्याने हे छापून प्रसिद्ध केले. पुढे इतर शास्त्रज्ञांच्या शोधांतून कळले की मज्जातंतूंतला हुकूम विजेसारखाच असतो. आज दवाखान्यात छातीवर तारा लावून हृदयाची पट्टी काढतात. ती पट्टी म्हणजे हृदयाच्या स्नायूतल्या या विजेचीच नोंद.

हुकमात बिघाड झाला तर काय होते? दोन रोगांवरून ते कळते.

पहिला पोलिओ. याचे बारीक विषाणू घाण पाण्यातून पोटात जातात. काही मुलांत ते कण्यातल्या मज्जातंतूंच्या मुळाशी पोचून ती मुळे मारतात. मग पायाचा स्नायू चांगला असूनही त्याला हुकूम येत नाही. दोरी आहे, पण ओढायला सांगणारा नाही. काम नाही म्हणून स्नायू वाळतो आणि पाय लुळा पडतो. आपल्या देशात घरोघर पोरांना थेंब पाजले. २०११ च्या जानेवारीत पश्चिम बंगालात रानटी पोलिओचा शेवटचा रोगी सापडला. २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. तरी थेंब आणि लस चुकवू नका. दुसऱ्या देशात रोग असेपर्यंत तो पुन्हा येऊ शकतो.

दुसरा धनुर्वात. याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. गंजका खिळा, काटा, विळा लागला की ते जखमेतून आत जातात. त्यांचे विष मज्जातंतूंत शिरते आणि "सोड" हा हुकूमच बंद पाडते. मग जोडीतले दोन्ही गडी एकदम ओढू लागतात. कोणीच सोडत नाही. दातखीळ बसते. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा जोरकस, म्हणून सारे अंग धनुष्यासारखे मागे वाकते. त्यावरूनच रोगाला धनुर्वात हे नाव पडले. श्वासाचे स्नायूही अडकले की माणूस दगावतो.

पूर्वी कितीतरी बाळंतिणी आणि तान्ही मुले या रोगाने जात. नाळ कापायला घाणेरडे हत्यार आणि नाळेला शेण किंवा राख, एवढे कारण पुरे होई. गरोदरपणी आईला लस टोचणे आणि स्वच्छ हातांनी बाळंतपण करणे यांमुळे हे थांबत आले. आई आणि नवे बाळ यांचा धनुर्वात भारतातून जवळजवळ हटला, असे २०१५ साली जाहीर झाले. जंतू मात्र मातीत आहेतच. जखम झाली तर साबण-पाण्याने धुवा आणि दवाखान्यात जाऊन टोचून घ्या. हळद लावून बसू नका.

एका रोगात ओढ गेली. दुसऱ्या रोगात सैल सोडणे गेले. दोन्हींत माणूस पडला.

६. न सांगता राबणारे

हातापायांचे स्नायू आपल्या मर्जीने चालतात. पण काही स्नायू आपल्याला न विचारता राबतात.

भाकरीचा घास गिळला की पुढे तो खाली कसा जातो, याची आपण काळजी करत नाही. अन्ननळी, पोट, आतडी यांच्या भिंतीत स्नायू आहेत. ते मागून आवळतात, पुढे सैल सोडतात आणि घास सरकवत नेतात. बाळंतपणात कळा येतात, तेही गर्भाशयाच्या स्नायूचेच काम. तो आवळतो, सैल पडतो, पुन्हा आवळतो. दोन कळांच्या मध्ये सैल पडतो म्हणून बाळाला नाळेतून पुरेसे रक्त मिळते आणि आईला दम खाता येतो.

या सगळ्यांचा मुकादम म्हणजे हृदय. ते मुठीएवढे असते आणि बहुतेक सगळे स्नायूचेच बनलेले असते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय एका मिनिटात सुमारे ७० वेळा आवळते. हिशेब करा. ७० गुणिले ६० मिनिटे गुणिले २४ तास. दिवसाला १,००,८०० ठोके झाले! जन्मभर एक दिवसही सुटी नाही.

मग हृदय थकत कसे नाही? त्याला रक्ताचा पुरवठा भरपूर आहे, हे एक कारण. आणि दुसरे, ते प्रत्येक ठोक्यानंतर विसावा घेते. आवळायला लागतो त्याहून जास्त वेळ ते सैल असते. सगळा हिशेब केला तर चोवीस तासांत हृदय आवळलेले असते नऊ-एक तास आणि सैल असते पंधरा-एक तास. जो गडी कधी थांबत नाही असे आपण म्हणतो, तोसुद्धा कामापेक्षा विसावा जास्त घेतो. म्हणूनच तो जन्मभर टिकतो.

७. उलटी पहार आणि कंबरेतली उसण

मोठा धोंडा हलवायचा तर आपण पहार लावतो. धोंड्याजवळ टेकू देतो आणि पहारीचे लांब टोक दाबतो. थोड्या जोरात मोठा धोंडा हलतो.

आपला हात म्हणजे उलटी पहार आहे. कोपर हा टेकू. बेटकुळीचा स्नायू कोपराच्या अगदी जवळ, दोन-तीन बोटांवर, हाडाला जडलेला असतो. आणि ओझे असते लांब, तळहातावर. ते अंतर सात-आठ पट होते. म्हणून हात दुमडून तळव्यावर पाच किलो तोलायचे, तर स्नायूला सात-आठ पट, म्हणजे पस्तीस-चाळीस किलोंची ओढ द्यावी लागते.

हा तोट्याचा सौदा वाटेल. पण त्यात फायदाही आहे. स्नायू चार बोटे आखडला की तळवा हातभर उचलला जातो. म्हणून आपल्याला गोफण फिरवता येते, कुऱ्हाड उगारता येते.

आता कंबरेकडे वळू. पाय सरळ ठेवून, कंबरेत वाकून, लांब हात करून आपण पोते उचलतो. टेकू झाला कंबरेचा मणका. पाठीचे स्नायू मणक्याला लागूनच असतात. ओझे मात्र हातभर पुढे. इथेही आठ-दहा पटींचा फरक पडतो. वीस किलोचे ओझे असे उचलले तर कंबरेच्या स्नायूंना दीडशे ते दोनशे किलोंची ओढ लागते. आपल्या धडाचे वजन वेगळेच. मग पन्नास किलोच्या पोत्याचा हिशेब तुम्हीच करा. ती सारी ओढ मणक्यांमधल्या मऊ चकत्यांवर दाबून येते. स्नायूला हिसका बसला की उसण भरते. चकती सरकली तर दुखणे पायापर्यंत उतरते.

म्हणून ओझे असे उचला. पाय थोडे फाकून ओझ्याच्या अगदी जवळ उभे राहा. गुडघ्यात वाकून खाली बसा. पाठ ताठ ठेवा. ओझे छाती-पोटाशी धरा. मग मांड्यांच्या जोरावर उठा. मांडीतले गडी अंगातले सर्वांत दांडगे. जड काम त्यांना द्या. ओझे हातात असताना कंबरेत पीळ देऊ नका. वळायचे तर पावले टाकून वळा. एकट्याला जड वाटले तर हाक मारा आणि दोघांनी उचला. यात कमीपणा नाही.

उसण भरली तर पायाळू माणसाकडून लाथ मारून घेतात. अंग तुडवूनही घेतात. तसे करू नका. साधी उसण बहुतेक वेळा थोड्या दिवसांत आपोआप उतरते. लाथ मारणाऱ्याला फुकटचे नाव मिळते. शेक घ्या, जड काम थांबवा, पण दिवस दिवस पडून राहू नका. हळूहळू चालत राहा. मात्र पायात बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

८. अंग का आंबते?

बरेच दिवस कुदळ धरली नाही आणि एक दिवस बांध घातला, तर दुसऱ्या दिवशी अंग आंबते. ते का?

पूर्वी म्हणत की कामाने स्नायूत आम्ल साचते आणि त्याने अंग दुखते. जोराच्या कामात असे द्रव्य तयार होते, हे खरे. पण काम थांबल्यावर तास-दोन तासांत ते निघून जाते. दुसऱ्या दिवसाचे दुखणे वेगळे. सवय नसलेल्या कामाने स्नायूच्या बारीक धाग्यांना कुठे कुठे किंचित चिरा जातात. शरीर त्या सांधते आणि सांधताना धागा पहिल्यापेक्षा मजबूत करते. चार-पाच दिवसांत दुखणे जाते आणि पुढच्या वेळी तेच काम सोपे वाटते. तालमीतला पैलवान असाच तयार होतो. त्याच्या अंगात आपल्यापेक्षा स्नायू जास्त नसतात. धागे जाड असतात.

याची दुसरी बाजूही आहे. काम थांबले की स्नायू वाळतो. हात मोडून महिना-दीड महिना प्लॅस्टरमध्ये राहिला की सोडल्यावर तो बारीक दिसतो. चाळिशीनंतर तर स्नायू हळूहळू कमीच होतात. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना "तुम्ही आता स्वस्थ बसा" असे म्हणू नका. त्यांना रोज चालू द्या. आधाराला धरून दहा वेळा उठू-बसू द्या. पायात ताकद राहिली तर म्हातारपणी पडणे टळते.

९. गड्यांची भाकरी

काम करून घेतो त्या गड्याला जेवू घालावे लागते. स्नायूला दोन गोष्टी लागतात. कामाची शक्ती भाकरी, भात, गूळ, तेल यांतून मिळते. आणि स्नायूची डागडुजी होते ती डाळी, कडधान्ये, शेंगदाणे, दूध, अंडी, मासे यांतून. यांतल्या द्रव्याला प्रथिने म्हणतात. भाकरीबरोबर डाळ किंवा उसळ खाल्ली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. उन्हात राबताना पाणी वरचेवर प्या. रात्री पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून चवडा गुडघ्याकडे ओढा. नडगीपुढच्या गड्याच्या बाजूने ओढ दिली की पोटरीचा गडी सैल सोडतो. इथेही रवीची दोरीच!

आता एक विचारू? तुमच्या घरात शेवटी कोण जेवते?

बहुतेक घरांत घरची बाई. पहाटे उठून ती पाणी भरते. पाण्याने भरलेला हंडा आणि वर कळशी डोक्यावर घेऊन येते. स्वयंपाक करते, खुरपायला जाते, येताना सरपण आणते. तिच्याही अंगात तेच सहाशे गडी आहेत. त्यांनाही तीच भाकरी आणि तीच डाळ लागते. पोटात किंवा अंगावर बाळ असेल तर जास्तच लागते. तरी सगळ्यांचे झाल्यावर तळाचे कालवण आणि उरलेली भाकरी तिच्या वाट्याला येते. तिचे हातपाय दुखतात, तेव्हा आपण म्हणतो, "बाईमाणसाचं दुखणं, नेहमीचंच आहे." ते नेहमीचे आहे, कारण तिच्या वाट्याला ओढणे आले आणि सोडणे आले नाही.

बैलाचा विचार करणारा माणूस दुपारी जू उतरवतो. त्याला वैरण टाकतो, पाणी दाखवतो. मग घरच्या माणसाचे जू कोणी उतरवायचे?

उद्यापासून एवढे करा. सगळे एकत्र जेवायला बसा. डाळ आधी सर्वांना वाढून घ्या. एक खेप पाण्याची तुम्ही आणा. पोराला त्याची घागर उचलू द्या, गुडघ्यात वाकून, अंगाशी धरून.

आणि पोराने बेटकुळीचा प्रश्न पुन्हा विचारला, तर त्याच्या हातात रवीची दोरी द्या. त्याला घुसळू द्या. मग सांगा, "बाळा, एक हात ओढतो तेव्हा दुसरा सोडतो. तुझ्या दंडात असंच चालतं. आपल्या घरातही असंच चाललं पाहिजे."